उसवून शिकलेली विद्या

पन्नास डॉलर. १९२८च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत ही रक्कम लहान नव्हती. रॉस्को गावातल्या वॉल्ट डेट नावाच्या विशीतल्या पोराने ती रूब क्रॉससमोर धरली आणि म्हणाला, मला माशी बांधायला शिकव. क्रॉस पलीकडच्या नेव्हरसिंकचा. अंगाने धिप्पाड, सहा फुटांच्या वर उंची. त्या जाडजूड बोटांतून इतकं नाजूक काम कसं उतरतं याचं गावात सगळ्यांना कोडं होतं, आणि ते कोडं तसंच राहावं अशीच त्याची इच्छा होती. त्याने नकार दिला.

वॉल्टने मग त्याच्याकडून तयार माशा विकत घेतल्या आणि घरी आणून उसवल्या. सोबत होती विनी, जिचं नाव पुढे कायमचं वॉल्टच्या नावाला जोडलं गेलं, आणि होता त्याचा मित्र हॅरी डार्बी. एकाने धागा सोडवायचा, बाकीच्यांनी डोळे लावून बसायचं. शेवटची गाठ कुठे मारली आहे? पिसाचे वेढे पंखाच्या मागे किती, पुढे किती? शेपटीचं पीस आधी बांधलं की अंगाचा दोरा आधी? उलट्या क्रमाने सुटत गेलेलं सगळं ध्यानात ठेवायचं आणि मग सुलट क्रमाने पुन्हा बांधून बघायचं. जमेपर्यंत.

अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगच्या इतिहासात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिला आता दंतकथेची चकाकी आली आहे. मला तिचं आकर्षण वाटलं ते वेगळ्या कारणाने. चोरून शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःचं दार लावून घेतलं असतं तर ते नेहमीचंच झालं असतं. या तिघांनी, आणि नंतर त्यांच्यात आलेल्या चौथीने, तसं केलं नाही.

ज्या वाचकांचा या खेळाशी संबंध आलेला नाही (म्हणजे जवळपास सगळ्यांचा) त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगायला हवं. माशी म्हणजे सेंटिमीटरभर लांबीच्या गळावर पिसं, लव आणि रेशीम गुंडाळून घडवलेलं कीटकाचं सोंग. कोकणात गरवायला बसणारा माणूस गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो, दोरीला शिशाचा तुकडा बांधतो आणि भिरकावतो. वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्या मागून जाते. या खेळात सगळं उलटं आहे. माशीला वजन नसतंच, म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. जाडसर, जड दोरी लवचीक काठीने आधी मागे आणि मग पुढे फेकायची. हवेत तिचं वेटोळं उलगडत जातं आणि अगदी शेवटी, टोकाच्या बारीक तंतूला बांधलेली माशी पाण्यावर टेकते. ती टेकलीच पाहिजे. आपटली तर खालचा ट्राउट केव्हाच दगडाआड गेलेला असतो.

आणि सोंग कुणाचं, तर मेफ्लाय या कीटकाचं. हा जीव साधारण वर्षभर नदीच्या तळाशी दगडांखाली राहतो. मग एके दिवशी वर येतो, कात टाकतो, पंख सुकेपर्यंत पाण्यावर तरंगतो आणि उडतो. उडत्या अवस्थेत त्याचं तोंडसुद्धा कामाचं नसतं, खाणंपिणं बंद. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि एकदोन दिवसांत संपायचं. ट्राउटची मेजवानी असते ती नेमकी या तरंगण्याच्या घटकाभरात. त्यामुळे कॅट्सकिलच्या मासेमाराचं पंचांग कीटकांवर चालतं. एप्रिलच्या शेवटी हेंड्रिकसन, मे सरता सरता ग्रीन ड्रेक. कुठला कीटक कुठल्या आठवड्यात, दिवसाच्या कुठल्या प्रहराला उठणार हे तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं.

क्रॉसच्याही आधी या डोंगरांत थिओडोर गॉर्डन होऊन गेला. १८५४चा जन्म, पिट्सबर्गकडचा, छातीने अशक्त, क्षयाने पोखरलेला. शहर आणि नातीगोती सोडून तो नेव्हरसिंक नदीच्या काठी येऊन एकटा राहिला. त्याने इंग्लंडमधल्या फ्रेडरिक हॅलफर्ड या नामांकित मासेमाराला पत्र लिहिलं, आणि २२ फेब्रुवारी १८९० तारखेच्या उत्तरासोबत हॅलफर्डने आपल्या तरंगत्या माशांचे नमुने धाडले. त्या माशा इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांसाठी होत्या. कॅट्सकिलच्या नद्या दगडांवर आपटत, फेसाळत धावतात; तिथे त्या बुडाल्या असत्या. गॉर्डनने पंख बदलले, पिसं अधिक ताठ घेतली आणि तिथल्याच कीटकांचे रंग पकडले. त्याची क्विल गॉर्डन ही माशी आजही बांधली जाते. तिचं अंग मोरपिसाच्या डोळ्यातल्या काडीचं असतं, बाजूची लव खरडून काढलेल्या. ती काडी गुंडाळली की गडद-फिकट असे आपोआप पट्टे पडतात आणि कीटकाचं पोट तयार होतं. वर सोनेरी तारेचा बारीक वेढा.

गॉर्डनने मासिकांत भरभरून लिहिलं, पण बांधण्याचं प्रत्यक्ष कसब दाखवलं ते रॉय स्टीनरॉड या एका टपाल कारकुनालाच, असं मानलं जातं. बाकी कुणी आलं की हातातलं काम बाजूला ठेवायचा.

आपल्याकडे गवयांच्या घराण्यांत हे चालत आलंच आहे. अस्ताई शिकवायची आणि अंतरा गिळायचा, खास चीज मुलाजावयाखेरीज कुणाच्या कानावर पडू द्यायची नाही. म्हणून तर पडद्यामागे बसून ऐकणाऱ्यांच्या, हुजऱ्या म्हणून राहून गाणं उचलणाऱ्यांच्या इतक्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. क्रॉसला दोष द्यावासा वाटत नाही. पोट या कसबावर होतं आणि गिऱ्हाईक मोजकं होतं. शिवाय १९३६मध्ये त्यानेच माशा बांधण्यावर पुस्तक लिहिलं आणि जे पन्नास डॉलरला दिलं नव्हतं ते छापून मोकळं केलं. स्टीनरॉडचंही तेच. त्याच्या हेंड्रिकसन माशीने गॉर्डनच्या माशांइतकंच नाव कमावलं, आणि पुढे तो वन्यजीवरक्षक म्हणून काम करताना मुलांच्या शिबिरांत माशा बांधायला शिकवू लागला.

मी तिथे गेलो तो न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मावसभावामुळे. त्याला आणि त्याच्या मुलीला हा नाद करोनाच्या टाळेबंदीत लागला. बापलेक दोघंही कंबरभर पाण्यात रबरी विजारी घालून उभे राहतात. माझी मावशी, म्हणजे त्याची आई, मूळची मालवणची. लेकाकडे आली होती, तीही निघाली. रूट १७ धरून दोनेक तासांत डोंगर सुरू होतात. रॉस्कोला बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्या एकमेकींना भेटतात तो 'जंक्शन पूल' नावाचा डोह. एक एप्रिलला, हंगामाच्या परंपरेने पहिल्या दिवशी, थंडीने काकडत लोक इथे पहिली दोरी टाकायला जमतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. भावाने अर्ध्या तासात एक तपकिरी ट्राउट आणला, ओंजळीत पाण्यातच धरला, गळ सोडवला आणि हात उघडला.

मावशी काठावरून बघत होती. "धरूचो नि सोडून देवचो?" ती म्हणाली. "मगे धरूचो कित्याक?"

याचं सरळ उत्तर तिच्या मुलाला देता आलं नाही. मलाही येत नाही. पण त्यामागे मोठा इतिहास आहे, त्याच्याकडे येतो.

रॉस्कोत वॉल्ट आणि विनीने माशांचं दुकान घातलं. हॅरी त्यांचा भागीदार. मदतीला एल्सी बिव्हिन्स नावाची मुलगी आली, ती माशा बांधायला शिकली आणि हॅरीशी तिचं लग्न झालं. म्हणजे दुकान एक आणि जोडपी दोन. १९३०च्या दशकाच्या मध्यावर भागीदारी सुटली आणि डेट व डार्बी अशी दोन घरं झाली. गाव तेच, नद्या त्याच, गिऱ्हाईकंही बरीचशी तीच. मंदीचा काळ होता. शहरातून येणारा माणूस हॉटेलात उतरायचा, सकाळी या नाहीतर त्या घरी डझनभर माशा घ्यायचा आणि नदीवर जायचा.

डेटांच्या घरी कामाची शिस्त होती. माशी एकाच घडणीची हवी: पंख सरळ, शेपटी गळाच्या दांड्याइतकी, आणि गळाच्या डोळ्यामागे थोडा दांडा उघडा सोडलेला. हा उघडा दांडा कॅट्सकिल शैलीची ओळख. त्यांची मुलगी मेरी लहानपणी त्याच टेबलावर शिकली आणि आई-वडिलांच्या जोडीने कित्येक दशकं बांधत राहिली. वॉल्ट १९९४मध्ये गेला, विनी त्यानंतर चार वर्षांनी.

डार्बींकडचा कारभार निराळा. हॅरी बोलका. कुणीही केव्हाही दार ढकलून आत यावं, खुर्चीत बसावं आणि नदीच्या गप्पा काढाव्यात. हॅरी बोलत राही आणि एल्सी बांधत राही, असं तिथले जुने लोक सांगतात. मागणी नोंदवून माणसं महिनोनमहिने वाट पाहत. इथे मला एल्सीची आणि विनीची बाजू घ्यावीशी वाटते. फ्लाय फिशिंगची पुस्तकं पुरुषांच्या नावांनी भरलेली आहेत. पाण्यात उभे राहून फोटो काढून घेणारे तेच. पण ज्या माशांवर ते मासे आले त्यांतल्या कितीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून बायकांनी बांधलेल्या होत्या.

पिसाची गोष्ट मात्र हॅरीची. तरंगत्या माशीचा जीव कोंबड्याच्या मानेच्या पिसात असतो. पिसाचे केस ताठ असले तर माशी पाण्याच्या पापुद्र्यावर उभी राहते, मऊ असले तर भिजून खाली जाते. शिवाय हव्या त्या रंगाचं पीस मिळत नसे. मेफ्लायच्या पंखांची निळसर राखाडी छटा देणारा कोंबडा निसर्गात दुर्मीळ, आणि रंगवलेलं पीस या लोकांना पसंत नव्हतं. हॅरीने परसात कोंबड्या पाळल्या आणि पिढ्यामागून पिढ्या निवड करत राखाडी रंगाचा वाण तयार केला. हे भांडवल कुलपात ठेवण्यासारखं होतं. त्याने अंडी वाटली. मागेल त्याला. त्यातली काही मिनेसोटातल्या अँडी मायनरकडे गेली, त्याने वाण आणखी सुधारला, आणि तिथून तो पेनसिल्व्हेनियातल्या मेट्झ कुटुंबाच्या कोंबडीपालनापर्यंत पोचला. आज केवळ पिसांसाठी कोंबडे वाढवणारा एक छोटा उद्योगच आहे, आणि त्यातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या वंशावळीत डार्बीच्या परसातलं रक्त आहे. (२०११मध्ये अमेरिकेत मुलींना केसांत हीच लांब पिसं माळायची लहर आली. सलूनवाल्यांनी दुकानंच्या दुकानं रिकामी केली आणि मासेमारांना पीस मिळेना. नदीकाठी त्या वर्षी काय काय शिव्या घातल्या गेल्या असतील याची कल्पना करावी.)

पिसाचा विषय निघालाच आहे तर आपलाही हिशेब मांडून टाकू. सह्याद्रीत पहाटे ओरडणारा राखी रानकोंबडा फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडतो. त्याच्या मानेच्या पिसांवर लाख लावल्यासारखे चकचकीत पिवळट-पांढरे ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळात सामनसाठीच्या भपकेबाज माशांना हे ठिपके लागत. पिसांची निर्यात इतकी वाढली की १९०२मध्ये सरकारला रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवण्यावर बंदी घालावी लागली. आता ब्रिटनमध्ये हा पक्षी पाळून पिसं काढतात. काठीचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या चिकटवून सहा कोनी काठ्या करायला सुरुवात झाली तेव्हा तो बांबू इथून जायचा आणि 'कलकत्ता केन' म्हणून विकला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टॉनकिन बांबूने त्याला हटवलं. मोराची काडी, रानकोंबड्याचं पीस, कलकत्त्याचा बांबू. खेळ साहेबाचा म्हणतो आपण, सामान बरंच इथलं होतं.

आता पाण्याकडे वळतो. कॅट्सकिल न्यूयॉर्क शहराची पाण्याची टाकी आहे. शहराला लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे नव्वद टक्के याच डोंगरांतून आणि पलीकडच्या डेलावेअर खोऱ्यातून येतं. क्वीन्समधल्या आपल्या मराठी मंडळींचा सकाळचा चहा याच पाण्याचा. त्यासाठी १९१५मध्ये अशोकन धरण झालं, मग एकामागून एक. १९५३च्या नेव्हरसिंक धरणाखाली गॉर्डनचा नदीकाठ गेला. १९५५च्या पेपॅक्टन धरणाने अरीना, पेपॅक्टन, शेव्हरटाउन आणि युनियन ग्रोव्ह ही चार गावं बुडवली. थडगी उकरून वर हलवली गेली. शहर दीडदोनशे किलोमीटर दूर आणि डोंगरातल्या माणसाने आपलं शेत, चर्च, दुकान सोडून निघायचं. मुळशीच्या लोकांना, कोयनेच्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आपल्याकडे सेनापती बापटांनी १९२१मध्ये मुळशीत सत्याग्रह केला तसं काही इथे झालं नाही. खटले झाले, भरपाईवर वर्षानुवर्षं वाद झाले, इतकंच.

धरणाने एक अनपेक्षित गोष्टही दिली. तळाच्या दरवाजातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही बर्फगार असतं आणि ट्राउटला गरम पाणी सोसत नाही. त्यामुळे धरणाखालच्या डेलावेअरच्या शाखा देशातल्या उत्तम ट्राउट नद्यांत मोजल्या जाऊ लागल्या. पण शहराने पाणी सोडलं तर. शहर मनाला येईल तेव्हा दरवाजे उघडायचं आणि येईल तेव्हा मिटायचं. आज थंड पूर, उद्या कोरडे गोटे, मासे उताणे. या विरोधात मासेमारांनी 'कॅट्सकिल वॉटर्स' नावाने मोट बांधली, अल्बनीच्या विधिमंडळात खेटे घातले आणि १९७६मध्ये कायदा करून घेतला. त्यानंतर पाणी किती आणि कसं सोडायचं यावर राज्याचा अंकुश आला. रूट १७ चौपदरी होऊन बीव्हरकिलच्या खोऱ्यातून नेताना नदीवर पुन्हा पुन्हा पूल बांधायचं ठरलं, तेव्हा हॅरी डार्बी विरोध करणाऱ्यांत पुढे होता. ती लढाई ते हरले. आम्ही ज्या रस्त्याने दोन तासांत सुखाने पोचलो तो हाच.

हॅरीच्या दिवाणखान्यात गप्पा मारायला येणारे डॉक्टर, वकील, पत्रकार, सुतार यांच्यातूनच या लढायांना माणसं मिळाली. वृत्तपत्रात कुणाची ओळख आहे, कुठल्या आमदाराला मासेमारीचा नाद आहे, हे तिथे चहा-कॉफीबरोबर निघायचं. नदी वाचवण्यासाठी संस्था काढावी लागते हे खरं. पण संस्थेआधी उठबस लागते, आणि ती डार्बींच्या घरी होती. नदीकाठी माशी मासेमारीचं संग्रहालय असावं ही एल्सीची इच्छा होती. ते विलोविमॉकच्या काठावर उभं राहिलं तेव्हा ती नव्हती. हॅरी १९८३मध्ये गेला.

मावशीचा प्रश्न राहिलाय. मासा सोडायचा कशाला? ली वुल्फ या मासेमाराने १९३९मध्येच पुस्तकात मांडलं होतं की झुंज देणारा मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नाही. तेव्हा त्याला लोक हसले. महायुद्ध संपलं, मोटारी वाढल्या, शनिवार-रविवारी शहर डोंगरांत उलटायला लागलं आणि नद्या रिकाम्या होऊ लागल्या, तेव्हा हसू ओसरलं. १९६०च्या दशकात बीव्हरकिलच्या एका पट्ट्यात मासा मारायला मनाई झाली. तो पट्टा आजही आहे. पकडा, बघा, सोडा. वुल्फची बायको जोन ही न्यू जर्सीच्या पॅटरसनमधल्या दुकानदाराची मुलगी. बापाचं दुकान बंदुका आणि गळ-काठ्यांचंच. पोरवयात काठी हातात घेतली आणि १९५१मध्ये पुरुषांच्या पंगतीत उतरून दोरी लांब फेकण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९७९मध्ये नवराबायकोने बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला शाळा काढली. १९९१मध्ये ली शहाऐंशी वर्षांचा असताना आपलंच छोटं विमान चालवताना कोसळून गेला. जोनने शाळा चालू ठेवली.

महाडजवळच्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहातले मासे मारत नाहीत, ते वरदायिनी देवीचे आहेत म्हणून. लोक कुरमुरे टाकतात, हातहातभर मासे वर येतात आणि परत जातात. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "तां देवीचा. ह्यो देव खंयचो?"

वाटण्याची एवढी स्तुती केल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. कॅट्सकिलच्या नद्यांतला मूळचा ट्राउट ब्रूक ट्राउट. चामडं कमावण्यासाठी हेमलॉकची साल सोलणाऱ्या टॅनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात रानं उघडी केली, पाणी तापलं, गढूळलं. १८८३मध्ये एका जर्मन बॅरनने मैत्रीखातर तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेला पाठवली. हा मासा गरम पाणी जरा जास्त सोसतो, हुशार असतो, मोठाही होतो. त्याने खालच्या नद्या बळकावल्या आणि मूळचा ब्रूक ट्राउट डोंगरमाथ्याच्या ओढ्यांत आटला. तरंगत्या माशीची सगळी कला भरभराटीला आली ती या पाहुण्यामुळे.

आपल्याकडे याहून बोचरी गोष्ट आहे. डेक्कन महसीर या माशाची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये केली, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. विसाव्या शतकात तो झपाट्याने कमी झाला. महाराष्ट्राच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिल्लं वाढवण्याचं तंत्र बसवलं. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशेजारच्या हॅचरीत शशांक ओगले यांच्यासह ते काम वाढलं आणि लाखोंनी पिल्लं तयार झाली. चांगल्या हेतूने ती देशभर वाटली गेली. कावेरीतही. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महसीर होता, कुबडाचा, नारिंगी परांचा, ज्याच्यासाठी शंभर वर्षं मासेमार जगभरातून येत होते. तिथल्या मासेमारांच्या तळावर नाचणीच्या पिठाचा गोळा लावून मासे पकडायचे, वजन करायचे, सोडायचे आणि वहीत लिहायचं, हा रिवाज होता. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी संशोधकांनी उलगडल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचे पाहुणे वाढत गेले आणि कुबडाचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला. २०१८मध्ये त्याची ओळख 'टॉर रेमादेवी' अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो जगातल्या अत्यंत संकटग्रस्त माशांच्या यादीत गेला. हे कळलं तेही हौशी लोकांनी मासा सोडण्याआधी वहीत दोन ओळी लिहिल्या म्हणून.

डेटांचं दुकान आता रॉस्कोतून शेजारच्या लिव्हिंग्स्टन मॅनरला गेलं आहे आणि ते मेरीचा नातू चालवतो. चौथी पिढी. लाकडी कप्प्यांत तयार माशा, आणि समोरच्या भिंतीवर त्या घरी बांधण्यासाठी लागणारं सगळं: गळ, रेशीम, मोराच्या काड्या, कोंबड्यांच्या वाळवलेल्या माना. माझ्या पुतणीने तयार माशांकडे बघितलंही नाही. तिने राखाडी कोंबड्याची एक मान उचलली, उजेडात धरून केसांचा ताठपणा तपासला आणि बापाकडे पाहिलं. बापाने मागची किमतीची चिठ्ठी वाचली आणि मुकाट पाकीट काढलं. मावशीने ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, चष्मा वर करून पाहिली.

"ह्या पैशात आमच्याकडे आख्खो कोंबो गावता," ती म्हणाली, "वडे-सागोतीसकट."